शब्द किती दिवस पाळायचा?

"ओ हेमाबाई, पोटात कावळे ओरडाय लागलेत आणि तुम्ही कार्डं कसली वाचत बसलाय? माझा कागद द्या. एवढा तुकडा उडवू आणि जेवू," मगदूममामा झोपाळ्यावरून ओरडले.

 हातात एक पोस्टकार्ड होतं आणि मी ते तिसऱ्यांदा वाचत होते.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. कोल्हापूरच्या बाहेर, एका बंद पडलेल्या गुळाच्या गोदामात आमच्या मालिकेचा सेट होता. मालिकेचं नाव 'अचाट आडमुठे'. दर रविवारी सकाळी दहाला लागायची. आडमुठे नावाचं एक कुटुंब, घरातल्या प्रत्येकाकडे एकेक अचाट शक्ती, आणि त्या शक्तीचा घरकामात काडीचा उपयोग नाही, असा सगळा प्रकार. वडील बजरंगराव एका हातावर एसटी उचलायचे, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांना उघडायचं नाही. आजी आकाशात उडायची आणि खाली उतरली की गुडघ्यांना बाम चोळत बसायची. चिंगी आणि गोप्या ही दोन पोरं, त्यांचे रोज नवे उपद्व्याप. भाग संपला की बजरंगराव पाठीवरचा लाल शेला पसरून झोपाळ्यावर बसायचे, कॅमेऱ्यात बघायचे आणि मुलांना एक शिकवण द्यायचे. त्याला आम्ही 'कानमंत्र' म्हणायचो. दीड मिनिटाचा तुकडा. तो लिहायचं काम माझं. मी सव्वीस वर्षांची. लग्न नाही, पोर नाही, घरात मांजरसुद्धा नाही, आणि निघाले होते जगाच्या पोरांना शहाणपण शिकवायला!

बजरंगराव म्हणजे आनंदा मगदूम. पन्नाशी उलटलेला, नाटकात आयुष्य काढलेला माणूस. आवाज असा की गोदामाचे पत्रे वाजायचे. पाठांतर पक्कं. फक्त एक खोड. कागदावर लिहिलेलं नसेल ते त्यांच्या तोंडून यायचंच नाही. एकदा म्हणे भर प्रयोगात समोरचा नट वाक्य विसरला, तर मामा चार मिनिटं तसेच उभे राहिले, शेवटी पडदा पाडावा लागला. "आपलं काम बोलायचं. सुचायचं काम लिहिणाऱ्याचं," असं ते अभिमानाने सांगायचे.

आता त्या कार्डाबद्दल. मालिकेने पोरांसाठी एक टूम काढली होती. आम्हाला पत्र पाठवा, आम्ही तुम्हाला पत्र्याचा बिल्ला पाठवू, त्यावर तुमचा क्रमांक. तुम्ही बजरंगरावांचे 'गुप्त सैनिक'. पत्रं यायची, मी ती जेवणाच्या सुट्टीत वाचायचे आणि एका वहीत नाव, गाव, क्रमांक लिहून ठेवायचे. ही कामगिरीही माझ्याच गळ्यात पडली होती. तर त्या दिवशीचं कार्ड असं होतं:

'बजरंगकाका, मला एक गुपित ठाऊक आहे. कुणाचं ते लिहीत नाही, कारण पोस्टमनकाका कार्ड वाचतात. मी शब्द दिला आहे. रविवारी तुम्ही सांगितलं तसा मी तो पाळत आहे. पण ज्या माणसाचं गुपित आहे त्या माणसाला आता उलट्या होतात, डोकं धरून बसतं आणि दिवसापण झोपून राहतं. तर शब्द किती दिवस पाळायचा ते कळवा. उत्तर लवकर पाठवा. सैनिक क्रमांक ४१२.'

तारीख बुधवारची होती. आज शनिवार.

मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होते, ते नुसत्या काळजीने नव्हे. रविवारी बजरंगरावांनी जे सांगितलं होतं ते त्यांनी सांगायलाच नको होतं, आणि हे त्या गोदामात फक्त मला ठाऊक होतं.

झालं होतं असं. झोपाळा तोच, शेला तोच, प्रकाश तोच, म्हणून आठ भागांचे कानमंत्र आम्ही एका दिवसात उरकायचो. मी प्रत्येक कागदावर भागाचा क्रमांक घालायचे आणि एडिटिंगवाला तो क्रमांक बघून तुकडा जोडायचा. आमच्या दिग्दर्शकांनी, तारळेकरसाहेबांनी, आयत्या वेळी सतरावा आणि एकोणिसावा भाग मागेपुढे केला. मी संवादांच्या वहीवरचे क्रमांक बदलले. कानमंत्राच्या कागदांवरचे बदलायला विसरले. बस, एवढंच.

एका भागात आजीच्या वाढदिवसाचं गुपित पोरं शेवटपर्यंत राखतात. त्याचा मंत्र होता, "दिलेला शब्द म्हणजे शब्द. जीव गेला तरी गुपित फोडायचं नाही, तोच खरा सैनिक!" दुसऱ्या भागात गोप्या बजरंगरावांचं शक्तीचं औषध चोरून पितो, त्याचं पोट फुगत जातं, आणि तो चिंगीकडून शब्द घेतो की कुणाला सांगायचं नाही. चिंगी गप्प राहते आणि गोप्या फुग्यासारखा छताला जाऊन चिकटतो. इथे मी लिहिलं होतं, "जिवावर बेतणारं गुपित पोटात ठेवायचं नसतं. मोठ्या माणसाला सांगायचं." आणि लागला काय? गोप्या छताला, चिंगी गप्प, आणि लगेच बजरंगराव गडगडतात, जीव गेला तरी गुपित फोडायचं नाही!

रविवारी मी आईशेजारी बसून हे पाहिलं. हातातला चहा तसाच राहिला. आई म्हणाली, "छान बोलला गं बाई." सोमवारी सांगायचं ठरवलं, पण साहेब कुणावर तरी खेकसत होते, मला धीर झाला नाही. मंगळवारी म्हटलं, कुणाच्या लक्षात आलंय? एकोणिसाव्या भागाच्या कागदावरचा क्रमांक मी गुपचूप बदलून घेतला आणि विषय मिटला असं स्वतःला बजावलं. आणि आता हे कार्ड.

वही उघडली. चारशे बारा. सारिका तुकाराम रेडेकर, इयत्ता तिसरी, हुंबरवाडी. राधानगरीच्या अलीकडचं आडवळणाचं गाव. ऑफिसमधून फोन लावत सुटले. कुणाकुणाला विचारत शेवटी गावातल्या एका दुकानदाराचा नंबर मिळाला.

"रेडेकराची सारी व्हय? हितंच मागं ऱ्हात्यात. थांबा, इचारून येतो," म्हणून तो गेला. दहा मिनिटं मी रिसीव्हर कानाला लावून उभी.

"न्हाई म्हणतीया ओ. कार्डबिर्ड काय लिव्हलं न्हाई म्हणती. तोंडाला कुलूपच हाय पोरीच्या."

"घरात कुणी आजारी आहे का?"

"थोरली अर्चना झोपून हाय. पित्त झालंय. गोळी न्हेली की काल माझ्याकडनंच."

"तिला लगेच कोल्हापूरला आणायला सांगा. दवाखान्यात. डोक्याला काही लागलंय का विचारा."

"तुम्ही कोण बोलताय, डॉक्टर?"

काय सांगणार? "मी मालिका लिहिते," असं म्हणाले. तो पलीकडे हसला. भला माणूस असावा, पण हसला.

वळले तर दारात मगदूममामा. लाल शेला, डोक्यावर सोनेरी टोप, छातीवर सोनेरी 'आ', कंबरेला पाठदुखीचा पट्टा आणि हातात जेवणाचं ताट. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून त्यांनी ते वाचलं आणि ताट टेबलावर ठेवलं. त्यात तांबडा रस्सा होता. मगदूममामांनी तांबडा रस्सा खाली ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"किती लांब?"

"पन्नास किलोमीटर असेल."

"ती तुम्हाला सांगायची न्हाई. दुकानदाराला न्हाई. आईबापाला न्हाई. मी सांगितलंय, तर मीच मोडायला पाहिजे. चला. गाडीत बसून कागद लिहा."

"कपडे तरी बदला."

"कपडे बदलून गेलो तर मला कोण ओळखतंय? आनंदा मगदूमला माझी सख्खी मेव्हणी वळखत न्हाई."

प्रॉडक्शनची ट्रॅक्स गाडी घेतली. साहेबांना सांगायलासुद्धा थांबलो नाही. रस्ताभर मी मांडीवर कागद ठेवून लिहीत होते आणि खड्ड्यांनी अक्षरं उड्या मारत होती. मामा शेजारी बसून एकेक ओळ पाठ करत होते. "सैनिक क्रमांक चारशे बारा, तुझी कामगिरी पूर्ण झाली. बजरंगराव तुला शब्दातून मोकळं करत आहे..." मधेच थांबले.

"बाई, एक इचारू का? ह्यो जीव गेला तरीचा मंत्र वाढदिवसाच्या भागाचा होता न्हवं? मी बोलताना मनात आजीचा केक होता."

मग मी सांगून टाकलं. क्रमांकांचा घोळ, रविवारचा चहा, सोमवार, मंगळवार, सगळं.

"म्हणजे सहा दिस तुम्हाला ठाऊक हाय."

"हो."

मामा खिडकीतून बाहेर उसाच्या फडांकडे बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पोरीला काही झालं तर आपलं काय, हा विचार डोक्यातून जाईना. देवाला हात जोडले. कधी नव्हे ते खरेखुरे जोडले.

हुंबरवाडीत शिरलो आणि गावच मागे लागलं. "बजरंगराव! बजरंगराव आलं!" पोरं ट्रॅक्सला लोंबकळली. मामा एरवी पोरांना हाकलून द्यायचे. आज फक्त, "रेडेकराचं घर?" एवढंच.

घर छोटं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. तुकाराम रेडेकर साखर कारखान्यात फिटर होते, पाळी संपवून नुकतेच आले असावेत. तोंड धुता धुता तांब्या हातात धरून बघतच राहिले. त्यांची बायको दारात आली, डोक्यावर पदर घेतला. आणि तिच्यामागून सारिका. दोन वेण्या, फ्रॉकवर पत्र्याचा बिल्ला. बजरंगराव दिसल्यावर पोरगी आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. तिने मारली नाही. ती घाबरली. कार्डाचं उत्तर चालत घरी येईल असं तिला वाटलं नसणार.

मामा गुडघ्यावर बसले. शेला शेणाच्या अंगणात लोळला. त्यांनी आवाज लावला आणि माझं लिहिलेलं सगळं, एक अक्षर न चुकवता, म्हटलं. "...बजरंगराव तुला शब्दातून मोकळं करत आहे!"

 आता सांगेल, मी मनात म्हणत होते, आता सांगेल.

सारिका विचार करून म्हणाली, "तुम्ही कसं मोकळं करणार? शब्द मी तुम्हाला कुठं दिलाय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कागद संपला होता.

"आणि रविवारी तर तुम्हीच म्हणालासा की, जीव गेला तरी गुपित फोडायचं न्हाई. चिंगीनं फोडलं का? मग?"

तिचे वडील म्हणाले, "काय गं सारे, कसलं गुपित? काय भानगड हाय?" तर तिने ओठ असे आवळले की पांढरे झाले.  आत कुणीतरी कण्हलं. मी पिशवीत पेन शोधत होते आणि मला एक ओळ सुचत नव्हती.

तेवढ्यात मामांनी डोक्यावरचा सोनेरी टोप काढला. आत विरळ, घामेजलेले केस. आणि ते आपल्या साध्या आवाजात बोलायला लागले. हा आवाज मी तोवर फक्त जेवताना ऐकला होता.

"सारे, रविवारी मी चुकलो."

"बजरंगराव चुकत नसतात."

"लोणच्याची बरणी उघडत न्हाई मला, आणि चुकत नसतात म्हणं! चुकलो बाई. तो मंत्र त्या भागाचा न्हवताच. उलटा लागला. चिंगीनं सांगायला पाहिजे होतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई लिहितात. इचार त्यांस्नी."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. सारिकाही. नऊ वर्षांच्या पोरीची नजर चुकवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"खरंय," मी म्हणाले. "चूक माझी. क्रमांक घालताना मी चुकले."

"कधी कळलं तुम्हाला?"

"रविवारीच."

"मग सांगितलं का न्हाई कुणाला?"

तोंडावर काय काय आलं होतं. वेळ नव्हता, साहेब कामात होते. पण ती बिल्ला मुठीत धरून उभी होती.

"भ्याले," मी म्हणाले. "साहेब रागावतील, कामावरून काढतील म्हणून भ्याले आणि गप्प बसले. सहा दिवस पोटात ठेवलं. आज मामांना सांगितलं."

ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू, एकाच वयाच्या मैत्रिणीशी बोलावं तसं म्हणाली, "मी पण भ्याले. ताईची शाळा सुटंल म्हणून."

आणि मग तिला हुंदका फुटला. त्या हुंदक्यात सगळं आलं. पप्पा झोपले असताना ताईने त्यांची एम-एटी दुचाकी काढली होती. मागल्या शनिवारी. माळावर चालवायला शिकत होती. दगडावर गेली आणि पडली, डोकं आपटलं, थोडा वेळ उठलीच नाही. मग उठली, गाडी पुसून जागेवर लावली आणि सारीच्या गळ्याला हात लावून शब्द घेतला. ताई आठवीत, हायस्कूल चार किलोमीटरवर. "एक तक्रार कानावर आली की शाळा बंद आणि घरात बसायचं," असं पप्पा दिवाळीत म्हणाले होते.

तुकारामभाऊंच्या हातातला तांब्या खाली पडला. आई आत धावली. मामा तिच्यामागून गेले आणि अर्चनाला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले. पाठदुखीचा पट्टा करकरत होता. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले, तिला हे कोण आणि कुठे चाललोय याचं भान नव्हतं. खोटी एसटी रोज उचलणाऱ्या माणसाचे हात त्या चाळीस किलोच्या ओझ्याने थरथरत होते, पण ट्रॅक्सपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी शेल्याकडे पाहिलं, मग पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग शेल्याकडे कुणी पाहिलं नाही. डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. "आत्ताच उघडावं लागेल," ते म्हणाले. "पडली कधी हे कुणी सांगितलं? सांगितलं ते बरं केलं. नाहीतर पित्त म्हणून अजून एक-दोन दिवस घालवले असते तुम्ही." 

बाकड्यावर आम्ही ओळीने बसलो. आई देवाचं नाव घेत होती. सारिका मामांच्या शेल्याचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती. तुकारामभाऊ भिंतीकडे बघत होते. मग कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "शाळेचं मी रागात बोललो हुतो. बोललो आणि इसरलो बी. ह्या पोरींनी ते खरं धरलं."

"आमचंबी तेच झालं की," मामा म्हणाले.

रात्री आठ वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढला तेव्हाच मला कळलं, कारण ते हसत होते. "रक्त काढलंय. पोरगी शुद्धीवर येईल. घाबरू नका आता." आईने जमिनीवरच बसून घेतलं. तुकारामभाऊंनी मामांच्या पायाला हात लावला, तर मामा दचकून मागे सरले. "अहो, मला काय करताय? ह्या बारकीचे धरा पाय!" मला रडू आवरेना. सहा दिवस छातीवर बसलेला दगड एकदम उतरला आणि मला आठवण झाली ती भुकेची. सकाळपासून कुणीच काही खाल्लं नव्हतं. दवाखान्यासमोरच्या गाड्यावर आम्ही मिसळ खाल्ली. बजरंगराव मिसळ खाताहेत म्हणून गर्दी जमली, आणि मामांनी त्या दिवशी एकाही पोराला हाकललं नाही.

निघताना सारिकाने शेला ओढला. "काका, बाकीच्या सैनिकांना कोण सांगणार?"

"काय?"

"की उलटा लागला म्हणून. मला तुम्ही येऊन सांगितलासा. बाकीच्यांकडे पण जाणार का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वहीत तेव्हा हजाराच्या वर क्रमांक होते.

"टीव्हीवर सांगतो," मामा म्हणाले. "शब्द."

"बघा हं," ती म्हणाली. शब्द देणाऱ्यांवरचा तिचा विश्वास जरा कमी झालेला होता.

सोमवारी मी तारळेकरसाहेबांसमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. चिंचोक्याएवढं तोंड करून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो हेमलता, रविवारी संध्याकाळी फोन केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं! पुढच्या भागाआधी एक तुकडा जोडला असता." पाच मिनिटं! मी ज्याला सहा दिवस भ्याले ते काम पाच मिनिटांचं होतं. मला काढलंबिढलं नाही. पण टीव्हीवर चूक कबूल करायची म्हटल्यावर ते बिथरले. "नायक चुकला असं दाखवायचं? पोरांचा विश्वास उडेल."

मामा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. "साहेब, तुम्हाला ठाऊक हाय, मी कागदाबाहेर एक शब्द बोलत न्हाई. बाई लिहून देतील तेवढंच बोलणार. आणि बाई हेच लिहून देणार. दुसरं बोलायला कुणी मिळत असंल तर ह्यो शेला घ्या."

साहेबांनी शेल्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि कॅमेरा लावायला सांगितलं.

पुढच्या रविवारी तो तुकडा लागला. बजरंगरावांनी टोप काढून मांडीवर ठेवला होता. "सैनिकांनो, मागे मी तुम्हाला एक मंत्र चुकीचा दिला. मी चुकलो. कुणी पडलंय, कुणाला दुखतंय, कुणी तुम्हाला घाबरवतंय आणि सांगू नको म्हणतंय, तर तो शब्द पाळायचा नाही. आज, आत्ता, घरातल्या मोठ्या माणसाकडे जा. टीव्ही बंद करून जा." मी लिहिलेलं एवढंच होतं. शेवटी मामांनी कागदात नसलेलं एक वाक्य घातलं, "आणि ते मोठं माणूस वरडलं, तर मला कार्ड टाका."

आठवड्याभरात कार्डं आली. 'भावाने काचेची गोटी गिळली होती, आईला सांगितलं.' 'विहिरीवर पोहायला जात होतो ते आजोबांना सांगितलं, मार खाल्ला, आता आजोबा बरोबर येतात.' अशी तेवीस. मी एकेक वाचायचे आणि मामा पान लावता लावता ऐकायचे. पोरं म्हटली की पित्त उठतं असं म्हणणारा माणूस "पुढचं वाचा, पुढचं" म्हणून मागे लागायचा.

पुढे मालिका बंद पडली. गोदामात आता लग्नाचं कार्यालय आहे. मामाही गेले. मी अजून लिहिते, पण कागदावर क्रमांक घातले की ते दुसऱ्या कुणालातरी तपासायला देते आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगते. कामावरची पोरं हसतात मला. हसू देत.

त्या वेळची सगळी कार्डं मालिकेबरोबर गेली. एक मी ठेवून घेतलं. ते तेवीसनंतर, महिन्याने आलं होतं. अक्षर तेच, तिरकं आणि ठळक.

'बजरंगकाका आणि लिहिणाऱ्या बाई, ताई घरी आली. चौदा टाके आहेत, मी मोजले. केस येईपर्यंत टोपी घालून शाळेला जाणार आहे. पप्पा हो म्हणाले. एम-एटी पण तेच शिकवणार आहेत. मी सांगितलं म्हणून ताई माझ्याशी बोलत नाही. पण माझ्या ताटातलं ऑम्लेट उचलून खाते. सैनिक क्रमांक ४१२.

ता.क. हे पोस्टमनकाकांनी वाचलं तरी चालेल.'